पायांना उपास नसतो

दोन्या ओब्दुलिया आर्रेगीन यांना 'नाही' हा शब्द ऐकू येत नाही. कानाचा दोष नव्हे. सफरचंदांच्या शेडमध्ये पट्ट्याचा एवढा खडखडाट असतो, पण त्यातही चार बायका पलीकडे कोण कुणाच्या सुनेबद्दल काय म्हणालं हे त्या नावनिशीवार सांगू शकतात. फक्त 'नाही' तेवढं ऐकू येत नाही. कुणी म्हणालंच, तर आळवाच्या पानावरून थेंब घरंगळावा तसा तो शब्द त्यांच्यावरून घरंगळून जातो, आणि त्या विचारतात, "बरं, मग किती वाजता?"

दोन्या म्हणजे आमच्या स्पॅनिशमध्ये मानाने 'बाई'. वय अठ्ठावन्न. उंची दवाखान्यातल्या माझ्या खिडकीच्या कठड्याएवढी. आठवड्याचे पाच दिवस पट्ट्यापाशी उभं राहून सफरचंदं निवडायची, डागाळलेली उचलून बाजूच्या खोक्यात टाकायची. हे एकवीस वर्षं चाललंय. शनिवार-रविवार जेली करायची. त्यांच्या जेलीच्या पोटात दुधाचं पांढरं गुलाबाचं फूल असतं, पाकळ्या-देठासकट. ते आत कसं शिरतं हे त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. आमच्या सेल्डन गावात आणि गावाच्या कडेच्या ट्रेलरांच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, वस्तीत बाप्तिस्मा असो की लग्न, टेबलाच्या मधोमध ती जेली थरथरत असते आणि तिच्यामागे दोन्या ओब्दुलिया वही घेऊन उभ्या असतात.

वहीत मानकऱ्यांची यादी असते. आमच्यात मुलगी पंधरा वर्षांची झाली की लग्नाच्या थाटाचा समारंभ करतात. तो एकट्या घराला झेपत नाही, म्हणून प्रत्येक गोष्टीला एक मानकरी नेमायचा. केकची मानकरीण वेगळी, मुकुटाची वेगळी. बुटांचा मानकरी म्हणजे फार मोठा मान, कारण भर समारंभात मुलीच्या पायातले सपाट बूट काढून पहिले उंच टाचांचे बूट घालतात. ज्याच्यासाठी काहीच उरत नाही त्याला फुगे. पण फुगे मिळालेला माणूससुद्धा छाती फुगवून येतो, कारण आमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव छापलेलं असतं. मान नाकारणारा माणूस आमच्या खोऱ्यात अजून जन्माला यायचा आहे.

मी गावच्या दवाखान्यात खिडकीमागे बसतो. वेळा देणं, फोन करणं, फॉर्म भरून घेणं ही माझी कामं. दवाखाना चांगला आहे. विमा नसलेल्यालाही तपासतात, नको ते कागद मागत नाहीत. अडचण एकच होती. दवाखाना सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच उघडा असायचा. आणि आमची माणसं सोमवार ते शुक्रवार, सहा ते पाच, एकतर शेडमध्ये नाहीतर बागेत शिडीवर असायची. शिडीवरून उतरून डॉक्टरकडे गेलं की तो दिवस गेला. दोनदा गेलात तर तिसऱ्या वेळी त्या शिडीवर दुसराच कुणी चढलेला दिसायचा.

दोन्या ओब्दुलियांचे यजमान क्रिस्पिन हे छाटणीच्या हंगामात असेच "हा शुक्रवार जाऊ दे, मग बघतो" म्हणत राहिले. अंगात साखरेचा आजार, डाव्या पायाला फोड, आणि एकामागून एक असे पाच शुक्रवार. सहाव्या शुक्रवारी मोठ्या इस्पितळात पाय घोट्याच्या वर कापावा लागला. क्रिस्पिन जातीचे विनोदी. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "बरं झालं. नाचताना बायकोच्या पायावर हाच पडायचा." सगळे हसले. दोन्या ओब्दुलिया हसल्या नाहीत.

पुढच्या सोमवारी त्यांनी एकवीस वर्षांतली पहिली रजा घेतली आणि माझ्या खिडकीशी आल्या.

"नेमेसिओ, शनिवारी दार उघडायला सांग."

"दोन्या, शनिवारी नाही उघडत."

"बरं, मग किती वाजता?"

मी त्यांना डॉक्टर हॅगन यांच्याकडे पाठवलं. डॉक्टरीणबाई तरुण, उंच, शाळेत शिकलेलं स्पॅनिश जपून, काचेच्या भांड्यासारखं बोलणाऱ्या. त्यांनाही तासाभरात कळलं, की या बाईंशी वाद घालण्यापेक्षा वरिष्ठांशी घातलेला सोपा. वरिष्ठ म्हणजे मिसेस ओल्मस्टेड, साऱ्या जिल्ह्याच्या दवाखान्यांच्या प्रमुख. बाई नेमस्त, नियमाने चालणाऱ्या. त्यांनी बारा शनिवार दिले. दर शनिवारी चोवीस जणांना वेळ द्यायची. बाराव्या शनिवारी त्या स्वतः येणार. चोविसातल्या निदान वीस जणांची तपासणी पुरी झालेली दिसली तर शनिवारचं दार उघडं राहील, नाहीतर बंद. त्यांचंही चूक नव्हतं. डॉक्टर आणि नर्स शनिवारी बसवायची तर समोर कुणीतरी बसायला हवं.

पहिल्या शनिवारी मी चोवीस नावं लिहिली. आले पाच. त्यातला एक फोन चार्ज करायला आला होता.

आता इथे आमच्या लोकांचा एक गुण सांगायला हवा. तोंडावर नकार देणं आमच्यात असभ्य समजतात. त्यामुळे मी फोन केला की सगळे हो म्हणतात. पण त्या होकाराच्या तीन जाती आहेत. नुसतं "हो" म्हणजे बहुधा येईल. "हो हो, का नाही!" म्हणजे गाडी मिळाली तर, मुलांना सांभाळायला कुणी असलं तर आणि फुटबॉल नसला तर. आणि "देवाच्या मनात असलं तर येतो" म्हणजे देवालाही ठाऊक असतं की हा येणार नाही. आठव्या शनिवारपर्यंत माझ्या यादीत निम्म्याहून जास्त नावांचा भार देवावर होता, आणि खुर्च्या रिकाम्या.

त्या आठव्या शनिवारी दोन्या ओब्दुलिया रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीत बसल्या होत्या. शेजारी क्रिस्पिन नवा पाय लांब करून.

"माझ्या नातीच्या पंधराव्याला किती मानकरी होते?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"एकोणीस," क्रिस्पिन म्हणाले. "मला फुगे दिले होतेस. सख्ख्या आजोबाला."

"किती गैरहजर राहिले?"

"एकही नाही. फुगेवाला पण आला होता, कुरकुरत."

"मग झालं तर!" त्या उठल्या. "नेमेसिओ, ती यादी इकडे दे. तू लोकांना बोलावतोस. अरे, बोलावल्यावर कोण येतं? मान दिला की येतात."

पुढचे तीन आठवडे त्या शेड सुटल्यावर वस्तीत ट्रेलरामागून ट्रेलर हिंडल्या. एका हातात जेलीची वाटी, दुसऱ्या हातात वही. प्रत्येक रोग्यामागे दोन-तीन मानकरी. गाडीची मानकरीण, मुलं सांभाळण्याची मानकरीण, सुई टोचताना हात धरायचा मानकरी. ज्या छापखान्यात लग्नाच्या पत्रिका होतात तिथून कार्डं छापून आणली. कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाचा कागद उरला होता, म्हणून वर सोनेरी कबुतरांची जोडी. खाली मजकूर असा: 'श्री. फिदेन्सिओ तापिया यांच्या रक्ततपासणीस आपण अगत्याने यावे. गाडीच्या मानकरीण: सौ. रेफूखिओ.' वेळ आठची छापली, म्हणजे लोक नऊला येतील. सगळ्यात खाली मी माझ्या हाताने लिहिलं: 'रक्त द्यायचे असल्याने उपाशीपोटी येणे.'

फिदेन्सिओ तापिया हा चिवट गडी. छाटणीच्या टोळीचा पुढारी, वस्तीतला सगळ्यात मोठा थट्टेखोर. माझ्या फोनला त्याने सात वेळा देवाचं नाव घेतलं होतं. कार्ड हातात पडल्यावर तो ते बराच वेळ उलटंसुलटं करून बघत राहिला म्हणे.

"दोन्या, कबुतरं कशाला? रक्त काढणार की लग्न लावणार?"

"रेफूखिओने सांगितलंय सगळ्यांना, की तिच्या गाडीत तू बसणार. तिने गाडी धुतली. आत्ता नाही म्हणालास तर ती गाडी कुणाला दाखवेल?"

धुतलेल्या गाडीला नाही म्हणणं आमच्यात जमत नाही.

बारावा शनिवार ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत आला. मी पावणेनऊला पोचलो तर गाडी लावायला जागा नाही. क्रिस्पिन काठी उंचावून गाड्या मागेपुढे करवत होते. त्यांनी स्वतःला वाहनांचा मानकरी नेमून घेतलं होतं. चोविसाच्या चोवीस रोगी हजर. त्यांच्याबरोबर साठेक मानकरी, इस्त्रीचे कपडे, पॉलिश केलेले बूट, पोरींच्या वेण्यांना रिबिनी. एकाने अकॉर्डियन आणला होता. त्याला विचारलं, "तुझा कसला मान?" तर म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही, म्हणून हा घेऊन आलो."

मिसेस ओल्मस्टेड नऊला आल्या आणि दारात थबकल्या. मला हळूच म्हणाल्या, "लग्न चर्चमध्ये नाही का?"

"लग्न नाही, बाई. रक्त तपासायचंय."

त्यांनी वही काढली आणि कोपऱ्यातली खुर्ची धरली.

पहिला रोगी आत गेला. बोटाला सुई, मशीनवर थेंब. रक्तातली साखर तीनशे दहा. डॉक्टर हॅगन यांचा चेहरा गंभीर झाला. दुसरी बाई दोनशे नव्वद. तिसरा तीनशे चाळीस. सहाव्या रोग्यापर्यंत डॉक्टरीणबाई पांढऱ्या पडल्या. त्या मला दाराआड घेऊन म्हणाल्या, "नेमेसिओ, ही वस्ती उभी कशी आहे?" मशीन बिघडलं असेल म्हणून त्यांनी नर्सच्या बोटाला टोचलं. नर्सला आयुष्यात कधी सर्दीसुद्धा झालेली नाही. दोनशे साठ. नर्स रडायलाच लागली.

मग डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि त्यांचा अंगठा तिच्या बोटाला चिकटला.

त्यांनी बोट नाकाशी नेलं. "दालचिनी?"

मी बाहेर आलो. गाड्यांच्या मागे रेफूखिओचं मोठं ॲल्युमिनियमचं भांडं उघडं होतं. आत कापिरोतादा. भाजलेला पाव, गुळाचा पाक, दालचिनी, मनुका, वर चीज. उपासाच्या दिवसांत आमच्या घराघरांत होणारा पदार्थ, आणि हाताने खाल्ल्याशिवाय ज्याची चव लागत नाही.

"दोन्या रेफूखिओ, हे काय केलंत? कार्डावर लिहिलं होतं उपाशी यायचं!"

"उपासाचंच आहे बाळा. मांसाचा कण नाही त्यात."

"पण काहीच खायचं नव्हतं!"

"ते मला कळत नाही होय?" रेफूखिओबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "रात्रभर ठेवलाच ना उपाशी. पण माझ्या गाडीत बसलेला माणूस भुकेल्या तोंडाने उतरला, तर मी कसली मानकरीण? लोक म्हणतील, गाडी धुतली आणि घास नाही दिला."

बाकीच्या मानकरणींनी माना डोलावल्या. प्रत्येकीने आपापल्या माणसाला काही ना काही चारलं होतं. एकादशी अन् दुप्पट खाशी, यातलं प्रकरण. नर्सलाही आत येता येता कुणीतरी वाटी दिली होती.

मशीन बोटांवरचा पाकच मोजत होतं. सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. आकडे उतरले, वस्ती वाचली. पण जेवलेल्या माणसाची उपाशीपोटीची तपासणी कोण मानणार? मिसेस ओल्मस्टेड उठून उभ्या राहिल्या. आवाजात राग नव्हता, उलट त्यांना थोडं वाईटच वाटत होतं. म्हणाल्या, "आलेत सगळे, हे मी बघते आहे. पण तपासणी पुरी झाली असं मला एकाचंही लिहिता येणार नाही. आजचा बारावा शनिवार आहे."

ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनाही समजलं. रेफूखिओबाई बाहेर जाऊन भांड्यावर झाकण ठेवून आल्या.

दोन्या ओब्दुलिया डॉक्टर हॅगन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंच्या कोपराला त्यांचं डोकं लागत होतं.

"डॉक्टरीणबाई, पोट जेवलंय. कबूल. पण पाय तर जेवलेले नाहीत ना?"

"काय?"

"पाय. पायांना उपास नसतो. ते बघता येतात की नाही?"

डॉक्टर हॅगन माझ्याकडे वळल्या. "नेमेसिओ, पायांच्या तपासणीचा वेगळा फॉर्म आहे आपल्याकडे. आहे ना?"

होता. सगळ्यात खालच्या खणात, गठ्ठ्याचं प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. तीन वर्षांत आमच्या दवाखान्यात कुणी बूट काढला नव्हता. आमची माणसं डॉक्टरला छाती दाखवतील, दात दाखवतील. पाय दाखवायची लाज वाटते. दिवसभर रबरी बुटांत चिखल तुडवलेले पाय ते. मी गठ्ठा मिसेस ओल्मस्टेड यांच्यापुढे धरला. त्यांनी फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "हा धरता येईल. पूर्ण भरला तर."

पण बूट कोण काढणार? पुरुष एकमेकांकडे बघत बसले. फिदेन्सिओ म्हणाला, "माझे पाय बघून डॉक्टरीणबाई पळून जातील. मग दार आपोआपच बंद."

दोन्या ओब्दुलिया वळल्या. "मानकरी कुठायत? पोरीच्या पंधराव्याला बूट कोण बदलतं? ती स्वतः वाकते का?"

एवढं पुरे झालं. रेफूखिओबाईंनी इस्त्रीचा झगा सावरला आणि फिदेन्सिओपुढे गुडघ्यावर बसल्या. त्यांचं बघून बाकीच्या बसल्या. चोवीस जोडी बूट उतरले. नर्सने कोमट पाण्याची घमेली आणली. अकॉर्डियनवाल्याने हळूच, पंधराव्याला बूट बदलताना वाजवतात तो वॉल्ट्झ धरला. कुणी त्याला गप्प केलं नाही. उलट क्रिस्पिन म्हणाले, "घ्या, सापडला याचा मान."

फिदेन्सिओची थट्टा चालूच होती. "रेफूखिओ, गुदगुल्या होतात गं, हळू..." आणि मग त्याच्या लक्षात आलं, की उजव्या पायाला गुदगुल्या होतच नव्हत्या. रेफूखिओबाई थांबल्या होत्या. मोज्याला डाग होता. अंगठ्याखाली वाटाण्याएवढी जखम, कडेने काळसर. बूट उलटा केला तर तळातून खिळ्याचं टोक आत आलेलं, कितीतरी दिवसांचं.

डॉक्टर हॅगन खाली बसल्या. त्यांनी पायाला चार ठिकाणी पिसासारखी मऊ तार टेकवून विचारलं, "इथे कळतं? इथे?"

"दुखत नाही हो मुळीच," फिदेन्सिओ मोठ्याने म्हणाला. "दुखलं असतं तर आलो नसतो का?"

क्रिस्पिन काठी टेकत आत आले होते. त्यांनी जखमेकडे बघितलं, मग फिदेन्सिओकडे. त्यांना एखादा विनोद सुचेल म्हणून सगळे थांबले.

"मलाही दुखत नव्हतं," ते म्हणाले.

फिदेन्सिओने त्यानंतर दिवसभर थट्टा केली नाही. डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, औषध दिलं, आठ दिवस त्या पायावर भार द्यायचा नाही म्हणून मुकादमाच्या नावाने चिठ्ठी लिहिली. म्हणाल्या, "वेळेवर आलात. महिन्याने आला असतात, तर मला काही करता आलं नसतं." रेफूखिओबाई हे ऐकून बाहेर भांड्यामागे जाऊन बसल्या. तो माणूस त्यांच्या गाडीतून आला होता.

एक वाजता मी फॉर्म मोजले. चोवीस. मिसेस ओल्मस्टेड यांनी पुन्हा मोजले, तेव्हाही चोवीसच होते. त्या वही मिटत होत्या तोच दोन्या ओब्दुलिया जेलीची वाटी घेऊन आल्या. आत गुलाब. बाईंनी नको नको म्हणत दोन चमचे खाल्ले आणि गुलाब आत कसा गेला म्हणून विचारलं. दोन्या ओब्दुलियांनी उत्तराऐवजी एक कार्ड पुढे केलं. वर कबुतरं, खाली बाईंचं नाव, त्याखाली एक ओळ.

"काय लिहिलंय?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही दाराच्या मानकरीण आहात, बाई."

"म्हणजे मला काय करायचं असतं?"

"काही नाही," दोन्या ओब्दुलिया म्हणाल्या. "शनिवारी ते उघडं आहे ना, एवढं बघायचं."

बाईंना हे ठाऊक नव्हतं, की मान नाकारता येत नाही. पण त्या मान हलवत असताना वाटी रिकामी झाली होती, आणि आमच्यात तो होकारच धरतात.

महिन्यातले दोन शनिवार मंजूर झाले. दोन्या ओब्दुलियांनी चार मागितले होते. बाकीच्या दोनांबद्दल त्यांना 'नाही' कळवलंय, पण ते अजून त्यांना ऐकू आलेलं नाही. पुढच्या खेपेला लोक खरोखर उपाशी आले. रक्त देईपर्यंत भांडी कुलूप लावून माझ्या ताब्यात असतात. मी झाकणांचा मानकरी. फिदेन्सिओची जखम भरली. तो आता वस्तीत लोकांना भर रस्त्यात बूट काढायला लावतो, इतका की लोक त्याला टाळतात.

शनिवारच्या दाराची किल्ली मिसेस ओल्मस्टेड यांनी स्वतःकडे ठेवली आहे. त्या चाळीस मैलांवरून येतात. थोडं स्पॅनिशही शिकल्यात, आमच्याच लोकांच्या तोंडून. गेल्या जानेवारीत एका शनिवारी घाटात बर्फ पडलं. सकाळी सातला दोन्या ओब्दुलियांनी त्यांना फोन केला, आणि तो ठेवून माझ्याकडे बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. एवढ्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, देवाच्या मनात असलं तर येते."

साडेआठपर्यंत बंद दारापुढे चोवीस माणसं, उपाशी, बर्फात पाय आपटत उभी होती. दोन्या ओब्दुलिया दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, जशा जेलीमागे उभ्या राहतात तशाच.

नऊला दहा कमी असताना चाकांना साखळ्या बांधलेली गाडी वळणावरून आली. मिसेस ओल्मस्टेड उतरल्या, किल्ली शोधत, टोपीवर बर्फ. त्या बिचाऱ्यांना त्या वाक्याचा अर्थ कुणी समजावलाच नव्हता.